घाटातली गाडी, माणातली गाडी : मोटरसायकलची निगा पहिल्यापासून

समजा, पावसाळी जावळीतल्या मेढ्याचा एक जण आणि कोरड्या माण तालुक्यातल्या म्हसवडचा एक जण साताऱ्यातल्या एकाच शोरूममधून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलची गाडी घेऊन घरी गेले. वर्षभरात दोघांच्या गाड्या सारख्याच किलोमीटर पळाल्या. तरी पहिल्याची चेन गंजून करकरत असेल आणि एअर फिल्टर बरा असेल. दुसऱ्याची चेन ठीक, पण फिल्टर धुळीने इतका कोंदलेला की चढाला गाडी दम टाकते. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास पडला तरी लोक चांगलं वर्ष म्हणतात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात मात्र दोघांनाही एकच तक्ता असतो.

त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते : धुळीच्या किंवा ओल्या रस्त्यावर गाडी चालवत असाल तर ही कामं लवकर करा. साताऱ्यात राहणाऱ्याने ती ओळ आधी वाचावी आणि तक्ता नंतर. निगा शिकायची म्हणजे सगळं खोलता यायला हवं असं नाही. आपल्या रस्त्यावर गाडीचं काय झिजतं, ते कुठे दिसतं आणि ते दिसल्यावर काय करायचं, एवढं कळलं की नवख्याचं निम्मं काम झालं. गाडीचं पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. आधी ते उतरवून घ्या, कारण खाली दिलेले आकडे साधारण आहेत. तुमच्या गाडीचा खरा आकडा त्या पुस्तकातच असतो.

चेन

सुरुवात चेनपासून करा. ती बाहेर असते, दिसते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं की सगळ्यात आधी तीच खर्च काढते. कासच्या किंवा बामणोलीच्या वाटेवर पावसाळ्यात जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर येते. ही माती आणि चेनवरचं जुनं तेल एकत्र झालं की त्याची खरबरीत लुगदी होते, आणि चेन फिरेल तशी ती कड्यांच्या आतली पिन, बुश आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात पाट्यावर वाटल्यासारखी घासत राहते. म्हणून घाण चेनवरच वरून तेल ओतणं हा उपाय नाही. आधी साफ करायची, मग तेल.

साफ करायला पूर्वी रॉकेल सरसकट वापरत. आता ते सहज मिळत नाही. बरेच गॅरेजवाले डिझेल वापरतात, दुकानात चेन क्लीनरचा स्प्रे मिळतो. जुना टूथब्रश घ्यायचा, गाडी मधल्या स्टँडवर लावायची, न्यूट्रल करायची, इंजिन बंद ठेवायचं आणि मागचं चाक हाताने फिरवत फिरवत चेन घासायची. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक तुम्ही पाहिले असतील. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोटं जातात. हे कधीही करायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

काही गाड्यांच्या चेनच्या कड्यांत बारीक रबरी रिंगा असतात. आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून त्या बसवलेल्या असतात. अशा चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांची चेन पूर्ण कव्हरमध्ये झाकलेली असते. तिथे चिखल कमी जातो, पण मालकाचं लक्षही जात नाही. कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढलं की आतली चेन दिसते आणि बोटाने तिचा ढिलेपणा तपासता येतो.

ढिलेपणा कशासाठी हवा, हे आधी समजून घेऊ. खड्ड्यात चाक वर-खाली होतं, तसं पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर थोडं बदलतं. मागे माणूस बसला की गाडी दबते आणि हे अंतर वाढतं. चेन आधीच ताठ असेल तर त्या वेळी ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. फार ढिली असेल तर गिअर टाकताना गाडी आचके देते आणि जास्तच झालं तर चेन उतरते. म्हणून खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, चेन बोटाने वर-खाली करून बघायची. शाळेतली पट्टी शेजारी धरली की नेमकं मोजता येतं. साध्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलेपणा लागतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे ती सगळ्यात ताठ लागेल तिथला आकडा धरा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबती, असा मोठा फरक आला, किंवा स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून हुकासारखे दिसायला लागले, तर आवळून उपयोग नाही. पूर्ण चेनसेट बदलायचा. नुसती चेन नवी टाकून जुने दात ठेवले तर नवी चेनही लवकर जाते.

आवळताना मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करायचा आणि मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवायचे. मागच्या फोर्कवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर, रेघा असतात. डावीकडे जी रेघ जुळली असेल तीच उजवीकडे जुळली पाहिजे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मोठा नट घट्ट केल्यावर ढिलेपणा पुन्हा मोजायचा, कारण घट्ट करताना चेन थोडी ताणली जातेच. आणखी एक गोष्ट नवखा हमखास विसरतो : मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर चाक मागे सरकल्यावर ब्रेकही आपोआप आवळला जातो. चाक हाताने मोकळं फिरतंय का ते बघा आणि पेडलचा ढिलेपणा पुन्हा लावून घ्या.

तेल चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या भागावर सोडायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने कड्यांत जातं. ९० नंबरचं गिअर ऑइल पुरतं, चेन लूबचा स्प्रे त्याहून सोयीचा. रात्री लावून सकाळी गाडी काढणं उत्तम. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात आठवड्याला एकदा तेल लावलं तरी ते जास्त होत नाही. दहिवडी-म्हसवडकडे मात्र उन्हाळ्यात चेन तेलाने निथळत ठेवू नका, तिच्यावर धूळ चिकटते. जादाचं फडक्याने टिपून घ्या.

घाट आणि ब्रेक

यवतेश्वरचा, पसरणीचा किंवा आंबेनळीचा घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून भेटतात. यात वाचत काही नाही. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आहे. अशी गाडी गिअरमध्ये उताराला लागली आणि रेस पूर्ण सोडली की बहुतेक गाड्यांतला संगणक पेट्रोलचा पुरवठा तेवढ्यापुरता थांबवतो. म्हणजे बचत आपोआप होतेच. वर इंजिन चाकाला अडवून धरतं ते वेगळंच. न्यूट्रल केलं की हा आधार जातो आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ड्रममध्ये ही उष्णता अडकून राहते, लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारं अस्तर, तापतो आणि त्याची पकड कमी होते. पेडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही, हा अनुभव लांब उताराच्या शेवटी येतो. डिस्कची उष्णता हवा लागून निघून जाते, पण डिस्क ब्रेकमध्ये दुसरं दुखणं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, दाब पुढे पोचवत नाही, आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, ते किती किलोमीटर पळालं याच्याशी संबंध नाही. कोयनेच्या खोऱ्यात चार महिने धुक्यात राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर यात चालढकल नकोच.

उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा एसटीच्या ड्रायव्हर मंडळींचा जुना ठोकताळा मोटरसायकललाही लागू पडतो.

घरी काय बघायचं? ड्रमच्या बाहेर, जिथे ब्रेकचा दांडा जोडलेला असतो, तिथे एक छोटा बाण असतो आणि पत्र्यावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले. दांड्याच्या टोकाचा नट आवळून पेडल वर आणता येतं, पण बाण खुणेला टेकल्यावर नट आवळत राहणं धोक्याचं. डिस्कच्या पॅडला मधे खाच असते. टॉर्च लावून बघा, खाच दिसेनाशी झाली असेल तर पॅड बदला. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीला काच असते. तिच्यातली पातळी खाली गेली म्हणून लगेच वरून ऑइल भरू नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच. आधी पॅड बघा, गळती बघा. हे ऑइल पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, तेव्हा जवळ पाणी ठेवा.

इंजिन ऑइल

ऑइल मोजण्यात गंमत अशी की दर गाडीची पद्धत वेगळी. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पट्टी असलेलं झाकण असतं. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. झाकण काढून पट्टी पुसा आणि आत ठेवताना आटे न फिरवता नुसती टेकवा. बाहेर काढल्यावर तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असलं पाहिजे. आटे फिरवून मोजलंत तर पट्टी खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काही गाड्यांना इंजिनच्या खालच्या बाजूला गोल काच असते. तिथे गाडी सरळ उभी धरून बघायचं. साइड स्टँडवर मोजलेलं ऑइल खोटं बोलतं.

गाडीत कारचं ऑइल टाकू नका. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे क्लच प्लेटा सटकायला लागतात : रेस वाढते, गाडी वाढत नाही. डब्यावर '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असा पुस्तकात सांगितलेला ग्रेड आणि शेजारी 'जासो एमए' किंवा 'एमए२' (मोटरसायकलच्या ऑइलची खूण) असं लिहिलेलं बघून घ्या.

ऑइल बदलणं अवघड नाही. इंजिन कोमट असताना खाली भांडं ठेवायचं, तळाचा बोल्ट काढायचा, निथळू द्यायचं. बोल्टचा वायसर नवा टाकायचा आणि बोल्ट बेताने आवळायचा. इंजिनचा पत्रा अॅल्युमिनियमचा असतो, जोर लावला की आटे जातात आणि शे-दोनशे वाचवायला गेलेलं काम हजारांत जातं. पुस्तकात ऑइलचे दोन आकडे असतात : नुसतं बदलताना लागणारं, आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारं. आपल्याला पहिला आकडा हवा. जास्त भरलं की ऑइल फेसाळतं, इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइपमधून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि गाडी धूर टाकते. काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा उसाच्या पाटात ओतू नका. गॅरेजमध्ये पिंप असतं, तिथे द्या.

काळं झालं म्हणजे ऑइल खराब झालं, असं मात्र नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगापेक्षा किलोमीटर आणि महिने बघा. चहाच्या दुधाळ रंगाचं ऑइल दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी चालू न करता गॅरेजला कळवा.

हवा, धूळ आणि पेट्रोल

एअर फिल्टर दोन प्रकारचे. स्पंजचा असेल तर धुता येतो : रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुवायचा, पिळायचा नाही, दाबून वाळवायचा, पुस्तकात सांगितलं असेल तर हलकं ऑइल लावायचं. कागदी असेल आणि त्याला हात लावल्यावर तेलकट लागत असेल, तर तो धुवायचाही नाही आणि त्यावर हवाही मारायची नाही. ते तेल धूळ पकडायलाच लावलेलं असतं. कॉम्प्रेसरने फुंकला की कागद फाटतो, आणि ती बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो सरळ बदलायचा. माण-खटावच्या कच्च्या रस्त्यांवर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यातच तो भरलेला असतो.

टायरच्या हवेचा आकडा चेन कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर चिकटवलेला असतो, एकट्याचा वेगळा आणि दोघांचा वेगळा. टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्यावर पहिल्याच पंपावर भरा. टायर बाजूंनी जास्त झिजला असेल तर हवा कमी राहत होती, मधेच झिजला असेल तर जास्त.

पेट्रोलचं प्रकरण सातारा-सांगलीकरांना जवळचं, कारण त्यात मिसळलेलं इथेनॉल काही अंशी आपल्याच उसातून येतं. आता पंपावर साधारण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाण्याशी पटकन मिसळतं. टाकीत पाणी फार गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, तळाला बसतात, आणि इंजिनला पेट्रोल तळातूनच जातं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. टाकीच्या झाकणाजवळ पाणी निचरायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं तर साचलेलं पाणी आत मुरतं. सायकलची बारीक तार घालून ते मोकळं करा. दहा वर्षं जुन्या गाडीचा पेट्रोलचा रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोलमध्येच थंड राहतो. रोज पन्नास-शंभरचं पेट्रोल टाकून काटा कायम लाल खुणेवर ठेवला तर पंप तापतो. तो पंप स्वस्त नाही.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली तर ऋण टोक आधी काढा, धन टोक नंतर. घासा, व्हॅसलीन लावा, बसवताना धन टोक आधी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि वायरिंगवर मारू देऊ नका. ज्याला गाडी चकाचक हवी त्याने ती बादलीने धुवावी.

गॅरेजमध्ये बोलताना

टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावणं), क्लच प्लेटा, पुढचे शॉकअप, इंजेक्शनचे सेन्सर ही कामं नवख्याने मिस्त्रीकडेच द्यावीत. वॉरंटी चालू असेल तर ऑइल बदलणंसुद्धा कंपनीच्या सर्व्हिसमध्येच करावं आणि बिलं जपून ठेवावीत. पण मिस्त्रीशी बोलणं नेमकं असलं तर निम्मा वेळ वाचतो. गॅरेजात रोज असं बोलणं चालतं :

"दादा, गाडी खडखड करतीय."

"कधी करती ताई? उभी असताना का पळताना?"

"पळताना."

"क्लच दाबल्यावर बंद होती का?"

इथे बहुतेक जण गप्प होतात. याचं उत्तर घरूनच काढून आणता येतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात क्लच दाबा आणि रेस सोडा. आवाज रेसबरोबर उतरला तर तो इंजिनकडचा. गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला तर चेन, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक. खड्ड्यातच येत असेल तर शॉकअप, मडगार्ड किंवा एखादा ढिला बोल्ट. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, एकटं असताना की मागे कोणी बसल्यावर, तेही सांगा. आणि काम सांगताना जुना सुटा भाग परत मागून घ्या. संपलेला लायनर आणि नवा लायनर एकदा शेजारी ठेवून हाताने बघितला की पुढच्या वेळी बाणाची खूण बघायला कुणी सांगावं लागत नाही.